काफी म्हणजे किती?

मंडळी, या वीकेंडचं भांडण एका प्रश्नावलीशी आहे. तिला सॅडल म्हणतात. कानाचं मशीन वापरणारा माणूस रोजच्या जगण्यात त्या मशीनवर किती समाधानी आहे, हे मोजायचं साधन. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या रॉबिन कॉक्स आणि जेनेव्हिव्ह अलेक्झांडर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेलं. १५ प्रश्न, आणि प्रत्येकाला 'अजिबात नाही' पासून 'प्रचंड' पर्यंत सात पायऱ्या. मूळ इंग्रजी प्रश्नावलीशी माझं काही वाकडं नाही. ती विचार करून बनवलेली आहे. राग आहे तो पाकिस्तानसारख्या ठिकाणी अशी प्रश्नावली उर्दूत नेऊन 'झालं प्रमाणित' म्हणून शिक्का मारण्याच्या पद्धतीवर.

पद्धत अशी. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, ते जुळवून एक मसुदा करायचा, मग मूळ न पाहिलेल्या लोकांनी तो उलट इंग्रजीत आणायचा. तज्ज्ञांची समिती बसते, ३०-४० जणांवर चाचणी होते. मग क्रॉनबाखचा अल्फा काढायचा, तो ०.७ च्या वर गेला की पेढे वाटायचे.

आता आमच्या धंद्यात उलट भाषांतराला राउंड ट्रिप टेस्ट म्हणतात. एन्कोड करा, डीकोड करा, तेच परत आलं की हिरवा टिक. दोन्ही फंक्शनमध्ये एकच बग असेल तरीही टेस्ट पास होते, हे कुठलाही फ्रेशर सांगेल. भाषांतरात तर डीकोड करणारा हुशार माणूस असतो! समोरचं उर्दू वाक्य अवघडलेलं असलं तरी मूळ इंग्रजी काय असेल ते तो ओळखतो आणि सुबक इंग्रजी लिहून देतो. पेशावरच्या आजोबांना ते वाक्य कळलं का, हे यातून कुठेच तपासलं जात नाही.

एक साधं उदाहरण. सात पायऱ्या उर्दूत लिहायच्या: बिल्कुल नहीं, थोड़ा सा, किसी हद तक, दरमियाना, काफ़ी, बहुत, बेहद. कागदावर छान शिडी दिसते. पण 'काफ़ी' चा अर्थ 'बऱ्यापैकी' पण होतो आणि 'पुरेसं' पण. मशीनचा उपयोग पुरेसा होतो म्हणणारा माणूस पूर्ण समाधानी असू शकतो, आणि आपण त्याला सातातले पाच देतो. शिवाय उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात. फॉर्म करणाऱ्याने इंग्रजी तक्ता तसाच ठेवून नुसते शब्द बदलले, तर वाचणाऱ्याला आधी 'बेहद' भेटतं. (अरबी, उर्दूसाठी स्क्रीन उलटवताना ज्यांनी रात्री जागवल्यात त्यांना हे सांगायला नको.)

बरं, हा कागद वाचणार कोण? २०२३ च्या जनगणनेनुसार पाकिस्तानात साक्षरता सुमारे ६० टक्के, आणि उर्दू ही मातृभाषा असलेले १० टक्क्यांहून कमी. बाकीच्यांची भाषा पंजाबी, पश्तो, सिंधी, सराइकी. त्यात ऐकू कमी येणारे बरेचसे म्हातारे, म्हणजे वाचता येणाऱ्यांचं प्रमाण आणखी खाली. मग प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायचे. विचार करा: ज्याला ऐकू येत नाही त्याला, ज्या मशीनबद्दल विचारायचं तेच कानात घालून, त्याच्या दुसऱ्या भाषेत प्रश्न ऐकवायचे. आणि ऐकवणार कोण? बहुतेक वेळा ज्या दवाखान्यातून मशीन मिळालं तिथलंच कोणीतरी.

आता प्रश्न क्रमांक १२ पाहा. तुम्हाला मशीन देणारा माणूस आपल्या कामात किती तरबेज होता? तो माणूस समोर पेन घेऊन बसलाय! आपल्याकडे तरी कोण म्हणेल, "डॉक्टरसाहेब, तुम्ही जेमतेमच आहात"? तो 'अल्लाह का शुक्र है' म्हणणार, आणि पेनवाला सहावर किंवा सातवर खूण करणार. यात लबाडी कोणाचीच नाही. एकाने मान राखला, दुसऱ्याने टिपून घेतलं.

आणि अल्फा? तो फक्त एवढंच सांगतो की उत्तरं एकमेकांशी जुळतात. काहींनी जरा जास्त मान राखला, काहींनी कमी, आणि प्रत्येकाने सगळ्या प्रश्नांत सारखाच राखला, तरी अल्फा झकास येतो. तुम्ही समाधान मोजलं की अदब मोजली, हे त्या आकड्याला माहीत नसतं.

"मग काय, मोजूच नये?" असं कॉमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच. मोजा की! बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली भाषांतराची जी कृती लिहिली, तिच्यातच म्हटलंय की चाचणीतल्या प्रत्येकाशी बोलून प्रश्नाचा आणि उत्तराचा त्याने काय अर्थ घेतला ते विचारा. सगळ्या पद्धतीत ही एकच पायरी खऱ्या वापरणाऱ्याकडे जाते, आणि वेळखाऊ म्हणून घाईत पहिली कात्री तिलाच लागते. दुसरं, हल्लीची बरीच डिजिटल मशीन्स रोज किती तास चालू होती याची नोंद स्वतःच ठेवतात. माणसं सांगताना तास वाढवून सांगतात हे जुनंच निरीक्षण आहे. मग सात गुण देणाऱ्याचं मशीन दिवसाला पाऊण तास चालू दिसलं, तर त्याच्या घरी जाऊन बोला. कागदावर 'आला-ए-समाअत' असं भारदस्त लिहिण्यापेक्षा, लोक म्हणतात तसं 'कान की मशीन' म्हणा. आणि विचारणारा माणूस दुसऱ्या दवाखान्याचा असू द्या.

ही कटकट कशासाठी? कारण सरासरी ५.८ आली की कोणीतरी अधिकारी लिहितो, 'लाभार्थी समाधानी', आणि पुढच्या वर्षी तेच मॉडेल, तसंच घाईचं फिटिंग, पुन्हा एकदा. शिट्टी वाजते म्हणून ज्या आजींनी मशीन रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं, त्या या सरासरीत नाहीतच. प्रश्नावली वापरणाऱ्यांसाठी आहे ना, आणि त्या आता वापरत नाहीत. माझं म्हणणं, यादी काढा आणि पहिला फोन त्यांच्या घरी करा. सुनेला उचलू दे.