डायलिसिस केंद्रे वाढली, रुग्णांची पूर्वतयारी मात्र मागेच

जिनिव्हा येथे मे २०२५ मध्ये भरलेल्या ७८व्या जागतिक आरोग्य सभेने मूत्रपिंडाच्या आरोग्याविषयी स्वतंत्र ठराव संमत केला. मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोग यांच्या सावलीत दीर्घकाळ राहिलेल्या या विकाराची जागतिक व्यासपीठावर अशी दखल प्रथमच घेतली गेली. भारताने मात्र त्यापूर्वी नऊ वर्षे या दिशेने एक मोठे पाऊल टाकले होते. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी अर्थसंकल्प सादर करताना तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली. देशात दरवर्षी मूत्रपिंडे निकामी झालेल्या सुमारे २ लाख २० हजार नव्या रुग्णांची भर पडते, त्यामुळे डायलिसिसच्या ३ कोटी ४० लाख सत्रांची अतिरिक्त गरज निर्माण होते, एका सत्राला सुमारे २,००० रुपये आणि वर्षाकाठी ३ लाखांहून अधिक खर्च येतो, असे त्यांनी त्या वेळी सभागृहाला सांगितले होते. देशातील सुमारे ४,९५० केंद्रे प्रामुख्याने खासगी क्षेत्रात व मोठ्या शहरांत एकवटली आहेत, याकडेही त्यांनी लक्ष वेधले होते.

त्यानंतरच्या काळात जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना ही सेवा मोफत मिळू लागली. आज सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश या कार्यक्रमात सहभागी आहेत. सात-आठ तास प्रवास करून महानगर गाठण्याऐवजी जिल्ह्याच्या गावी उपचार मिळणे, हा लाखो कुटुंबांच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो या खुर्चीपर्यंत रुग्ण कोणत्या अवस्थेत पोहोचतो, हा.

याचे उत्तर भारतीय मूत्रपिंडविकार नोंदणी अहवालात मिळते. देशभरातील ५२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला हा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ४८ टक्के रुग्ण तज्ज्ञांकडे प्रथम आले तेच मुळी पाचव्या, म्हणजे अखेरच्या टप्प्यात. मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला १५ मिलिलिटरच्या खाली गेली की हा टप्पा मानला जातो. १५ ते २९ हा चौथा टप्पा. तयारी करायची असते ती या चौथ्या टप्प्यात. अनेकांच्या बाबतीत तो महिनोन्‌महिने, काहींच्या बाबतीत काही वर्षेही टिकतो. पण तो सुरू झाला आहे, हेच निम्म्या रुग्णांना ठाऊक नसते.

तयारी झाली नाही तर साधारणपणे घडते ते असे. पायांवर सूज, मळमळ, अन्नावरची वासना उडणे या तक्रारी घेऊन रुग्ण जवळच्या दवाखान्यात जातो. अशक्तपणा वाटतो म्हणून हाताच्या शिरेतून सलाइन लावले जाते. काही आठवड्यांनी एका रात्री छातीत पाणी साचून दम लागतो, रुग्णवाहिकेतून मोठ्या रुग्णालयात नेले जाते आणि तेथे डॉक्टर नातेवाइकांपुढे संमतिपत्र ठेवतात. मानेतील मोठ्या शिरेत कॅथेटर घालून तातडीने डायलिसिस सुरू होते. प्राण वाचतात. परंतु शरीराबाहेर उघड्या राहिलेल्या या नळीतून जंतुसंसर्ग रक्तात उतरण्याचा धोका मोठा असतो आणि एकदा असा संसर्ग झाला की पुन्हा रुग्णालय, पुन्हा खर्च, कधी मृत्यूही. हीच शीर आकसली तर पुढे त्या बाजूच्या हाताचाही नीट उपयोग करता येत नाही.

याला पर्याय असलेली शस्त्रक्रिया काही नवी नाही. न्यूयॉर्कमधील ब्रेशिया, सिमिनो आणि अपेल या डॉक्टरांनी मनगटाजवळील रोहिणी व नीला एकमेकींना जोडण्याचे तंत्र १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. रोहिणीतील जोरदार प्रवाह नीलेत आल्याने ती फुगते, तिची भिंत जाड होते आणि सुई टोचण्याजोगी होते. यालाच फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवले असता मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर जाणवते. ती रोज तपासणे हा रुग्णाच्या शिक्षणातील पहिला धडा असतो. हा फिस्टुला पक्व होण्यास सहा ते आठ आठवडे, कित्येकदा त्याहून अधिक काळ लागतो. काही फिस्टुले पक्व होतच नाहीत व दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणूनच ती काही महिने आधी व्हावी लागते.

आणि त्यासाठी शीर शिल्लक असावी लागते. चौथ्या टप्प्यातील रुग्णाने ज्या हाताने लिहिता-जेवता येत नाही त्या हातातून शक्यतो रक्त देऊ नये, त्यात सलाइनची सुई घेऊ नये, ही साधी गोष्ट सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. ‘थोडी ताकद यावी’ म्हणून सलाइन लावून घेण्याची सवय जेथे मुरलेली आहे, तेथे ही दोन मिनिटे कोणत्याही महागड्या औषधाइतकी मोलाची ठरतात. हिपॅटायटिस-बीच्या लसीचेही तसेच आहे. डायलिसिसवरील रुग्णाच्या शरीरात ती तुलनेने कमी प्रभावी ठरते, मात्रा दुप्पट द्यावी लागते व पूर्ण मालिकेला सुमारे सहा महिने लागतात. ती आधीच घेतलेली बरी, हे सांगणारे कोणी तरी असावे लागते.

सांगायचे कसे, हाही प्रश्न लहान नाही. आपल्याकडे रुग्ण एकमेकांना ‘क्रिएटिनिन किती?’ असे विचारतात. पण तो आकडा एकटा पुरेसे काही सांगत नाही. ३० वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन २ असेल तर प्रचलित सूत्रानुसार त्याची गाळणक्षमता ४५ च्या आसपास येते; ७० वर्षांच्या स्त्रीचे तेवढेच असेल तर ती २६ च्या आसपास, म्हणजे चौथ्या टप्प्यात. अहवालावरील आकडा एकच असला तरी पहिल्याला आजार जपण्याचा सल्ला पुरेल, दुसरीशी डायलिसिसबद्दल बोलणे सुरू व्हायला हवे. भाषेची अडचण याहून खोल आहे. ‘किडनी फेल झाली’ हे वाक्य घराघरांत परीक्षेच्या निकालासारखे ऐकले जाते. नापास म्हणजे सारे संपले. त्यापाठोपाठ ‘डायलिसिस लागले की माणूस फार दिवस राहत नाही’ हा समज येतो. अगदी शेवटच्या क्षणी, नळी घालून सुरू केलेल्या डायलिसिसचे वाईट परिणाम गावाने पाहिलेले असतात. दोष मात्र उशिराला न लागता उपचाराला लागतो. मग भीतीपोटी कोणी काढ्यांकडे वळतो, कोणी भस्मांकडे, आणि उरलेले महिनेही हातचे जातात.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. रुग्णाला इतक्या आधी सांगितले तर तो खचेल. शिवाय रुग्णालये त्याला लवकर यंत्रावर घेतील. दुसऱ्या शंकेत तथ्य असू शकते. परंतु तयारी लवकर करणे आणि डायलिसिस लवकर सुरू करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ८२८ रुग्णांवर झालेल्या ‘आयडियल’ चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला लवकर, तर दुसऱ्याला सरासरी सुमारे सहा महिने उशिरा डायलिसिसवर घेण्यात आले. दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. ज्याचा फिस्टुला तयार आहे आणि जो नियमित तपासणीखाली आहे, त्याला लक्षणे दिसेपर्यंत थांबता येते. ज्याची काहीच तयारी नाही त्याला थांबण्याची मुभा नसते. पहिल्या शंकेला कॅनडातील एका अभ्यासाने उत्तर दिले आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्या रुग्णांना आजाराची पद्धतशीर माहिती देण्यात आली व नंतर दूरध्वनीवरून त्यांची विचारपूस होत राहिली, त्यांना डायलिसिसची गरज सरासरी १७ महिन्यांनी भासली. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांना १४ महिन्यांनी. माहितीने रुग्ण खचले नाहीत, उलट त्यांनी तीन महिने मिळवले.

मग अडते कोठे? राष्ट्रीय कार्यक्रमाच्या आर्थिक रचनेत याचे बरेचसे उत्तर आहे. सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या नमुन्यात सरकार जिल्हा रुग्णालयात जागा, वीज व पाणी पुरवते. खासगी संस्था यंत्रे, कर्मचारी व शुद्ध पाण्याची यंत्रणा आणते आणि तिला प्रत्येक सत्रामागे ठरलेली रक्कम मिळते. सत्र झाले की देयक निघते. चौथ्या टप्प्यातील रुग्णाला समोर बसवून अर्धा तास बोलल्याचे देयक निघत नाही. पैशाचा हिशेब यंत्र सुरू होण्यापासून मांडला गेला, तर त्याआधीच्या महिन्यांचा वाली कोणी राहत नाही. देशात मूत्रपिंडविकारतज्ज्ञ मोजकेच आणि तेही बहुतेक शहरांत. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत त्यांच्याकडून प्रदीर्घ समुपदेशनाची अपेक्षा करणे अवाजवी ठरेल. हे काम प्रशिक्षित परिचारिका व समुपदेशकांचे आहे, आणि त्यांची पदे निर्माण करावी लागतील.

तैवानने हे केले. डायलिसिसवरील रुग्णांचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत त्याची गणना होते. तेथील राष्ट्रीय आरोग्य विमा योजनेने २००६ च्या अखेरीस डायलिसिसपूर्व काळजी व शिक्षणाचा कार्यक्रम सुरू करून त्यासाठी रुग्णालयांना स्वतंत्र मोबदला देऊ केला. अमेरिकेत मेडिकेअरने २०१० पासून चौथ्या टप्प्यातील रुग्णांना सहा शिक्षणसत्रांचा लाभ दिला, पण त्याचा उपयोग फार थोड्यांनी केला. तरतूद केली म्हणजे काम झाले असे होत नाही, हा त्यातला बोध भारतालाही लागू पडतो.

शिक्षणाचा सर्वांत मोठा परिणाम उपचाराच्या निवडीवर होतो. तातडीने दाखल झालेल्या रुग्णापुढे प्रत्यक्षात यंत्रावरील डायलिसिस एवढाच मार्ग असतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, त्यात जाण्यायेण्याचा दिवस वेगळा. रोजंदारीवर जगणाऱ्याला आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकालाही याचा अर्थ कळायला वेळ लागत नाही. सत्र मोफत असते, बुडालेली मजुरी नसते. पोटाच्या पडद्यातून घरीच करावयाच्या डायलिसिसमध्ये साधारण दोन लिटर द्रावणाची पिशवी दिवसातून तीन-चार वेळा बदलावी लागते. स्वच्छतेची शिकवण, कोरडी जागा आणि दरमहा शंभराच्या आसपास पिशव्यांचा खात्रीचा पुरवठा यांवर हे सारे अवलंबून आहे. केंद्राने त्यासाठी २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, केरळने जिल्हा रुग्णालयांमार्फत ही सेवा मोफत देण्यास प्रारंभ केला. तरीही देशभरात हा मार्ग अपवादच राहिला आहे. आंध्र प्रदेशातील उद्दानम किंवा अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातील गावांसारख्या, मूत्रपिंडविकाराने ग्रासलेल्या व केंद्रापासून दूर असलेल्या भागांत तो विशेष उपयोगी ठरावा. पण ज्याची माहितीच दिली गेली नाही, तो मार्ग रुग्णाने कसा निवडावा?

प्रत्यारोपणाचा विषयही याच काळात निघायला हवा. दात्याच्या तपासण्या, मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार लागणारी कागदपत्रे, समितीची परवानगी यांत महिने जातात. मृत दात्याच्या अवयवासाठी नोंदणी करताना अधिवासाची अट नसावी, असे केंद्राने २०२३ मध्ये राज्यांना कळवले. परप्रांतांत स्थायिक झालेल्या कुटुंबांना, त्यांत इंदूर, सुरत वा हैदराबाद येथील मराठी कुटुंबेही आली, ही माहिती असणे आवश्यक आहे. घरातून दाता निवडताना बहुतेक वेळा पत्नी किंवा आईच पुढे येते वा पुढे केली जाते. शांतपणे विचार करण्यास अवधी मिळाला तर तिलाही प्रश्न विचारता येतील. आणि वयोवृद्ध, अनेक व्याधींनी जर्जर झालेल्या रुग्णाला डायलिसिस न घेता केवळ त्रास कमी करणारे उपचार घेण्याचाही पर्याय असतो, हे सांगणे आपल्याकडे जवळजवळ निषिद्ध मानले जाते.

माहितीचे साहित्य अगदीच नाही असे नाही. राजकोटचे मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉ. संजय पंड्या यांनी सुरू केलेल्या उपक्रमातून रुग्णांसाठीचे पुस्तक मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध झाले आहे. मधुमेह व रक्तदाबाची तपासणी आता उपकेंद्रांवरही होते. मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमुख कारण मधुमेह असल्याने, पुढे डायलिसिस लागणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आधीपासूनच सरकारी नोंदवहीत असतात. त्यांच्या लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन वर्षातून एकदा तपासून, गाळणक्षमता ३० च्या खाली गेलेल्यांची यादी जिल्ह्याच्या डायलिसिस केंद्राकडे पाठवली, तर त्या केंद्राला आपला पुढच्या वर्षीचा रुग्ण आजच भेटेल. सध्या बहुतेक ठिकाणी तो भेटतो तो रुग्णवाहिकेतून उतरताना.