फुगलेले पोट हे लक्षण आहे, रोग नव्हे

नोएडासारख्या उंच इमारतींच्या शहरात काचेच्या टाकीतला गोल्डफिश हा अनेक घरांतील एकमेव पाळीव जीव असतो. एके दिवशी तो खाणे सोडतो, तळाशी बसून राहतो, त्याचे पोट फुगते आणि खवले बाहेरच्या बाजूस उभे राहतात. दुकानातून एखादे रंगीत औषध येते, मासा मरतो, नवा आणला जातो आणि काही आठवड्यांनी तोही फुगतो. औषध बदलत राहते. कारण मात्र कोणी शोधत नाही. कोकणातील किंवा विदर्भातील शोभिवंत मत्स्यसंवर्धकाच्या सिमेंटच्या टाकीतही हेच घडते. फरक एवढाच की तेथे एका माशाऐवजी संपूर्ण तुकडी जाते आणि कर्जाचा हप्ता राहतो.

या स्थितीला जलोदर म्हणतात. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. त्यामुळे कल्ले व त्वचा यांतून पाणी सतत आत शिरते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. मूत्रपिंड, कल्ले वा यकृत निकामी झाले की पाणी पोटात साचते. म्हणजे जलोदर हा शेवटचा टप्पा आहे. तेथवर नेणाऱ्या वाटा अनेक आहेत: एरोमोनास जिवाणूंचा संसर्ग, मूत्रपिंडातील परजीवी, विषाणू, क्षयरोगाच्या कुळातील जिवाणू, गाठी, किंवा दीर्घकाळ बिघडलेले पाणी. शिवाय अंडी अडकलेली मादी, बद्धकोष्ठ झालेला मासा आणि वाताशयाच्या विकाराने तिरका तरंगणारा मासा हेही फुगलेलेच दिसतात. मात्र त्यांचे खवले सहसा उभे राहत नाहीत. एवढा एक भेद वरून पाहिला तरी निम्मा गोंधळ टळतो.

लक्षणालाच रोगाचे नाव दिल्याने काय होते, याचा धडा युरोपातील कार्पपालनाने दिला आहे. तेथे ‘कार्पचा सांसर्गिक जलोदर’ हा दीर्घकाळ एकच रोग मानला जात होता. १९७१ मध्ये निकोला फियान व सहकाऱ्यांनी युगोस्लाव्हियात त्यामागील विषाणू वेगळा केला. तेव्हा उमगले की एका नावाखाली निदान दोन रोग दडले होते: एक विषाणूजन्य, दुसरा जिवाणूजन्य. विषाणूवर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो. तरीही आज प्रत्येक फुगलेल्या माशाला प्रतिजैविक देण्याची प्रथा चालूच आहे. त्यातून प्रतिकारक्षम जिवाणू वाढतात आणि टाकीचे पाणी अखेर गटारातच जाते. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांच्या मत्स्यसंवर्धनातील वापरावर देशात बंदी आहे. शोभिवंत मासा खाल्ला जात नाही, ही बेफिकिरीची सबब होऊ शकत नाही.

म्हणून पहिली तपासणी माशाची नव्हे, पाण्याची हवी. अमोनियाचे विषारी रूप सामूप्रमाणे वाढते: २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी असतो, सामू ८ झाला की तो सुमारे पाच टक्के होतो. जड, अल्कधर्मी कूपनलिकेच्या पाण्यावर चालणाऱ्या टाकीत हा धोका मोठा असतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करतो आणि गाळणीतील उपयुक्त जिवाणूही मारतो. दिल्ली परिसरातील हिवाळ्यात तापमान झपाट्याने उतरते, तेव्हा उष्ण कटिबंधातील माशांची प्रतिकारशक्ती खचते. एरोमोनास पाण्यात एरवीही असतोच. त्याला संधी देतो तो हा ताण.

दुसरी पायरी विलगीकरणाची आणि तिसरी नमुन्याची. मेलेला, कुजू लागलेला मासा प्रयोगशाळेला फारसे सांगत नाही, कारण मृत्यूनंतर आतड्यातील जिवाणू सर्वत्र पसरतात. लक्षणे असलेला जिवंत मासा प्राणवायू भरलेल्या पिशवीत, टाकीच्या पाण्याच्या वेगळ्या नमुन्यासह पोहोचला पाहिजे. ऊती तपासणीसाठी नमुना फॉर्मेलिनमध्ये ठेवावा, गोठवू नये. सोबत नवे मासे केव्हा आणले, पाणी केव्हा बदलले, कोणते औषध दिले, याची नोंद असावी.

यंत्रणा नाही असे म्हणता येणार नाही. जलचर प्राण्यांच्या रोगांचा राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे समन्वयन नोएडाच्याच राज्यातील लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे आहे. २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल ॲपही आले. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. उणीव आहे ती टाकी आणि प्रयोगशाळा यांच्यामधल्या दुव्याची. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धनाला अनुदान मिळते; त्या प्रकल्पखर्चात अमोनिया, नायट्राइट व सामू तपासण्याचा संच आणि वेगळी विलगीकरण टाकी अनिवार्य असावी. प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याच्या पिशवीत माती परीक्षणाच्या पिशव्यांबरोबर हा संचही असावा.

खवले उभे राहिलेला मासा क्वचितच वाचतो, हे संवर्धकाला स्पष्ट सांगणे हाही सल्ल्याचाच भाग आहे. त्या माशाचे निदान मुख्यतः टाकीतील उरलेल्या माशांसाठी असते. बाटली उघडण्याआधी पाणी तपासण्याची सवय रुजली, तर पुढची तुकडी वाचेल.