माऊस कुठल्या हाताने धरू?

वीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका छोट्या सहकारी बँकेसाठी कॅश काउंटरचं सॉफ्टवेअर लिहिलं. रंगीत स्क्रीन, सुंदर खिडक्या, सगळं माऊसवर. मॅनेजरसाहेब खूश, संचालक मंडळ खूश. पहिल्या दिवशी अकरा वाजेपर्यंत रांग दारापर्यंत गेली. शेवटी कॅशियर काका वैतागून म्हणाले, "अहो साहेब, माझा एक हात नोटांवर असतो आणि दुसरा आकड्यांच्या बटणांवर. माऊस कुठल्या हाताने धरू?"

वर्षभर आम्ही ज्याला त्याला भेटलो होतो. फक्त काकांना भेटलो नव्हतो.

ही जुनी जखम पुन्हा ठसठसायचं कारण म्हणजे परवा ऐकलेलं एक वाक्य. विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलर मंडळींबद्दल एक उच्चशिक्षित गृहस्थ म्हणाले, "ह्या लोकांना बदल नकोच असतो. युनियनवाले! त्यांना विचारत बसलात तर आधुनिकीकरण कधीच होणार नाही."

मला हे साफ अमान्य आहे. आणि पुरावा त्याच अमेरिकेतला देतो, जिचे दाखले ही मंडळी उठताबसता देत असतात.

1996 साली तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, विमानतळांच्या आसपासच्या रडार नियंत्रणासाठी 'स्टार्स' नावाच्या नव्या यंत्रणेचं कंत्राट रेथिऑनला दिलं. 1997 मध्ये कंट्रोलरांनी स्क्रीन पाहिले आणि डोक्याला हात लावला. उघडणाऱ्या खिडक्या अपारदर्शक होत्या, त्यांच्याखाली विमानाचा ठिपकाच झाकला जायचा! पूर्वी जे काम नजर न हलवता एक बटण फिरवून व्हायचं, त्यासाठी आता मेनू उघडत बसायचं. आमच्या काकांचीच तक्रार, फक्त इथे रांगेत पासबुकं नव्हती, माणसं भरलेली विमानं होती. दुरुस्त्या कराव्याच लागल्या. वेळ गेला, खर्च वाढला. आणि खापर कुणावर? हट्टी कंट्रोलरांवर!

यातून शहाणपण आलं असेल असं वाटतं ना? छे. 2005 मध्ये एफएएने तांत्रिक प्रकल्पांवर कंट्रोलर नेमायची पद्धतच बंद केली. त्याच काळात 'इरॅम' तयार होत होती. लांब पल्ल्याची विमानं सांभाळणाऱ्या 20 केंद्रांतला जुनाट संगणक बदलायची ही यंत्रणा, 2 अब्ज डॉलरहून मोठा प्रकल्प. 2010 च्या अखेरीस सगळीकडे बसवायचा बेत होता. सॉल्ट लेक सिटीच्या केंद्रात ती प्रत्यक्ष चालवायला घेतली आणि घोळ बाहेर आले. एका विमानाची माहिती दुसऱ्याच विमानाला चिकटत होती. एका केंद्राकडून दुसऱ्याकडे विमान सोपवताना अडचणी येत होत्या. प्रयोगशाळेतल्या चाचण्या पार करून आलेली यंत्रणा होती ही!

मग काय केलं? कंट्रोलरांना पुन्हा प्रकल्पात घेतलं. ते चाचण्यांना बसले, काय आधी दुरुस्त करायचं आणि काय नंतर चालेल ते सांगू लागले. 2011 मध्ये खर्चात 33 कोटी डॉलरची भर घालून नवं वेळापत्रक आखावं लागलं, आणि 2015 मध्ये काम एकदाचं पुरं झालं. आता सांगा, आधुनिकीकरण कशामुळे रखडलं? विचारल्यामुळे, की न विचारल्यामुळे?

एक मान्य करतो. सवयीचा हट्ट कंट्रोलरांतही असतो, कागदी पट्टी सोडवत नाही अशी माणसं असणारच. प्रत्येक मागणी पुरवत गेलं तर यंत्रणा कधीच पुरी होणार नाही, हेही खरं. पण हट्ट कुठला आणि धोका कुठला हे ठरवायला समोर माणूस बसलेला लागतो. तो खोलीतच नसेल तर आपल्याला दोन्ही सारखेच दिसतात.

आणि 'यांना बदल नको' म्हणणाऱ्यांनी चरखी दादरी आठवावं. 12 नोव्हेंबर 1996. सौदी आणि कझाक विमानांची आकाशात टक्कर, 349 मृत्यू. त्या संध्याकाळी दिल्लीच्या कंट्रोलरकडे विमानाची उंची दाखवणारं रडारच नव्हतं. वैमानिक जी उंची तोंडी सांगेल तीच खरी मानायची. अशा खुर्चीत बसणाऱ्याला नवं तंत्रज्ञान नको असेल? तो तर त्याची वाटच बघत असतो हो!

अलीकडचंही बघा. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीत उड्डाणांचे संदेश पोहोचवणारी यंत्रणा बिघडली, फ्लाइट प्लॅन हाताने भरावे लागले आणि 800 च्या वर विमानांना उशीर झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये कंट्रोलरांच्या गिल्डने खासदारांना पत्र लिहून दिल्ली-मुंबईच्या यंत्रणा मंदावत असल्याचं कळवलं होतं. म्हणजे बदल मागत कोण होतं?

माझं म्हणणं एवढंच. कंट्रोलरला शेवटच्या आठवड्यात बोलावून, चहा-बिस्किट देऊन 'पाहिले, योग्य वाटले' अशी सही घेणं याला चाचणी म्हणत नाहीत. पहिला आराखडा कागदावर उतरतो तेव्हा तो तिथे हवा. चाचणीत बिघाड घडवायचा हक्क त्याला हवा, आणि 'हे अजून चालू करू नका' म्हणायचाही. त्यासाठी त्याला ड्यूटीतून मोकळं करावं लागेल, म्हणजे माणसं जास्त लागतील. तो खर्च कुणालाच नको असतो. मग 'युनियनवाले' म्हणणं फुकटात पडतं.

असो. आम्ही त्या बँकेत दोन दिवस काकांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो आणि माऊस काढून टाकला. रांग ओसरली. बँकेत हे नंतर केलं तरी चाललं. आकाशात रांग दारापर्यंत जाऊन थांबत नाही.