पनीरच्या पाण्याचे काय?

मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेत एका आमदारांनी कृत्रिम पनीर आणून सभागृहाला दाखवले आणि राज्यभर चर्चेला तोंड फुटले. सरकारने कठोर कारवाईची ग्वाही दिली. हा प्रश्न विधिमंडळात गाजला हे चांगलेच झाले. पण चर्चा पनीर खरे की खोटे, एवढ्यावरच थांबली. पनीर कसे बनते, ते तपासायचे कसे आणि ते बनवल्यावर जे उरते त्याचे काय करायचे, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. अन्नशास्त्राने तिन्हींची उत्तरे केव्हाच शोधून ठेवली आहेत. ती दूधधंद्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मात्र कोणीही घेतलेली नाही.

पनीरची कृती साधी वाटते, पण तिच्यातला प्रत्येक आकडा प्रयोगांतून ठरलेला आहे. दूध ९० अंशांपर्यंत तापवायचे, ७० अंशांच्या आसपास उतरवायचे आणि सायट्रिक आम्लाचे गरम द्रावण हळूहळू सोडत हलक्या हाताने ढवळायचे. दूध फाटून घट्ट भाग वेगळा झाला, की तो मलमलीत बांधून वजनाखाली दाबायचा आणि मग दोन-तीन तास बर्फगार पाण्यात ठेवायचा. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने या कृतीवर वर्षानुवर्षे काम केले आहे. दूध उकळीच्या इतके जवळ का न्यायचे? कारण त्या उष्णतेने दुधातली विरघळलेली प्रथिने उलगडतात आणि केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटून पनीरमध्येच राहतात. उतारा वाढतो.

तरीही किलोभर पनीरसाठी पाच ते सहा लिटर दूध लागते आणि चार ते पाच लिटर हिरवट-पिवळे पाणी उरते. यालाच व्हे म्हणतात. श्रीखंडासाठी टांगलेल्या चक्क्यातून गळते तेही याच जातीचे. घरात त्यात कणीक मळली जाते, कढी-आमटीत ते घातले जाते. दिवसाला पाचशे किलो पनीर काढणाऱ्या छोट्या कारखान्यात मात्र रोज दोन हजार लिटरांहून अधिक पाणी साचते. कापडातून निथळणारी धार फरशीवरून पन्हळीत, पन्हळीतून गटारात आणि गटारातून गावच्या ओढ्यात जाते. दुपारपर्यंत ते आंबते आणि त्याचा वास सुटतो.

दिसायला निरुपद्रवी असलेल्या या पाण्यात साडेचार ते पाच टक्के दुग्धशर्करा असते. ती खाण्यासाठी जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. हा प्राणवायू किती लागेल याचे माप म्हणजे बीओडी. घरगुती मैलापाण्याची बीओडी लिटरला दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असते, तर व्हेची तीस ते पन्नास हजार. म्हणजे व्हेचा एक लिटर ओढ्यात सोडणे हे शंभराहून अधिक लिटर मैलापाणी सोडण्यासारखे आहे. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. मोठे दूध संघ आणि डेअऱ्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प चालवतात, कारण त्यांच्यावर नजर असते. चार कढया आणि एक दाबयंत्र घेऊन बसलेल्या उद्योजकाला असा प्रकल्प परवडत नाही. प्रदूषण तर त्याच्या हातूनही होतेच.

या पाण्याचे काय करावे यावर जगभर भरपूर काम झाले आहे. इटलीत पार्मा हॅमसाठी पाळलेल्या डुकरांना पार्मेजान चीजचे व्हे पाजतात. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ पासून ‘रिव्हेला’ नावाचे व्हेचे शीतपेय विकले जाते आणि ते तिथे घरोघरी माहीत आहे. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील कारबेरी डेअरी १९७८ पासून व्हेतील साखर आंबवून अल्कोहोल काढते. आपल्याकडेही आंबा, अननस, लिंबाच्या रसात व्हे मिसळून पेये बनवण्याच्या कृती दुग्धशाळांत तयार आहेत. आंबवलेले व्हेच पुन्हा दूध फाडायला वापरता येते, मग विकतच्या आम्लाचा खर्चही कमी होतो. बंगालचे छेना करणारे हलवाई हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत.

इथे एका गैरसमजाला आवर घालायला हवा. पनीरच्या पाण्यातून जिमला जाणाऱ्यांची महागडी प्रथिनांची भुकटी सहज काढता येईल, असे अनेक प्रकल्प अहवालांत लिहिलेले असते. ती भुकटी प्रामुख्याने चीजच्या व्हेपासून बनते. चीजसाठी दूध तीस-पस्तीस अंशांवर रेनेट या विकराने विरजले जाते, त्यामुळे विरघळलेली प्रथिने पाण्यातच राहतात. पुणे जिल्ह्यात मंचरला चीजच्या व्हेतून अशी भुकटी तयार होते. पनीरच्या बाबतीत ९० अंशांच्या तापाने ती प्रथिने आधीच पनीरमध्ये गेलेली असतात. पाण्यात उरते मुख्यतः साखर, क्षार आणि आम्ल. हे न समजता कर्ज काढणारा तरुण उद्योजक फसतो. त्याला सल्ला देणाऱ्याने निदान एवढे तपासून घ्यावे.

छोट्या पनीरवाल्याला खरा उपयोग आहे तो बायोगॅसचा. व्हेतील सेंद्रिय भार लक्षात घेतला, तर हजार लिटरांतून सुमारे वीस घनमीटर मिथेन मिळू शकतो. त्यातली उष्णता घरगुती गॅसच्या एका सिलिंडरएवढी भरते. म्हणजे दूध तापवायच्या इंधनातला काही वाटा त्याच दुधाच्या पाण्यातून निघतो. अडचण एकच आहे, पण ती मोठी आहे: व्हे फार लवकर आंबट होते आणि मिथेन तयार करणारे जिवाणू आम्लात तग धरत नाहीत. नुसते व्हे भरलेले संयंत्र काही दिवसांत बंद पडते. शेण मिसळले, की आम्लता आटोक्यात राहते. जिथे दूध आहे तिथे शेण आहेच. संगमनेर, फलटण, बारामती, इंदापूर अशा दूधपट्ट्यांत दहा-वीस पनीरवाल्यांचे पाणी टँकरने एका जागी आणून शेणाबरोबर पचवणे तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. त्यासाठी लागते ती जागा, टँकर आणि रोज हिशेब ठेवणारा माणूस.

आता तपासणीकडे वळू. कायद्यानुसार पनीरमध्ये ६० टक्क्यांहून जास्त पाणी नसावे आणि कोरड्या भागातील निम्मे तरी दुधाचे स्निग्ध असावे. दुधाची पावडर, पामतेल आणि स्टार्च वापरून केलेला पनीरसारखा पदार्थ, म्हणजे ॲनालॉग, विकणे हा गुन्हा नाही. तो पनीर म्हणून विकणे हा गुन्हा आहे. चवीने, बोटाने दाबून किंवा तव्यावर परतून हा फरक खात्रीने ओळखता येत नाही. आयोडीनचा थेंब स्टार्चला निळा करतो खरा, पण तेल वापरून स्टार्च टाळणारा त्यातून सुटतो.

प्रयोगशाळेत मात्र पामतेल लपत नाही. दुधाच्या स्निग्धात ब्युटिरिक आम्ल असते, ते पामतेलात नसते. रायकर्ट-माइसल चाचणीत ही हलकी आम्ले वाफेबरोबर उडवून मोजतात. या चाचणीलाही मर्यादा आहेत आणि त्यातली एक आपल्याच मातीतली आहे. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या दुधात हा आकडा मुळातच कमी भरतो. म्हणून जुन्या भेसळ प्रतिबंधक नियमांत कापूसपट्ट्यातील तुपासाठी वेगळे निकष होते. या सवलतीआड भेसळ करणाऱ्यालाही लपता येते. यावर बीटा-सिटोस्टेरॉलची चाचणी हा उपाय आहे. हा वनस्पतींतील स्टेरॉल आहे, दुधाच्या स्निग्धात तो नसतो. गॅस क्रोमॅटोग्राफवर तो दिसला, की वनस्पती तेल मिसळल्याचे सिद्ध होते. पण त्यासाठी यंत्र हवे, शुद्ध रसायने हवीत आणि आलेख वाचणारा प्रशिक्षित विश्लेषक हवा. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस दिले आहेत. सणासुदीला नमुन्यांचा ढीग लागतो आणि ही मुदत हुकते. तोवर माल लोकांच्या पोटात गेलेला असतो.

वेष्टनावरच्या लेबलचे नियम पाकिटापुरते असतात. डेअरीच्या काचेआड कापून ठेवलेल्या लादीवर आणि हॉटेलातल्या पनीर मसाल्यावर काहीही लिहिलेले नसते. ॲनालॉग मुख्यतः तिथेच खपते.

याची झळ फक्त ग्राहकाला बसते असे नाही. पनीर म्हणून विकले गेलेले किलोभर ॲनालॉग शेतकऱ्याच्या पाच-सहा लिटर दुधाची मागणी हिरावून घेते. २०२४ मध्ये राज्य सरकारला गायीच्या दुधासाठी लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले होते. एका हाताने अनुदान द्यायचे आणि दुसरीकडे पामतेलाला दुधाच्या नावाने विकू द्यायचे, हा तिजोरीचाही तोटा आहे. प्रामाणिक पनीरवाल्याला दुधाचा खर्च आहे, पाण्याच्या विल्हेवाटीचाही खर्च आहे आणि स्पर्धा आहे पामतेलाच्या भावाशी. त्याला सांडपाण्याची नोटीस धाडायची आणि भेसळवाल्याचा नमुना महिनाभर फडताळात ठेवायचा, असे झाले तर प्रामाणिक माणूसच आधी धंद्यातून उठेल.

म्हणून तपासणी आणि सांडपाणी हे विषय दोन वेगळ्या खात्यांच्या दोन फायलींत ठेवून चालणार नाही. २०२० पासूनच्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळते. सामायिक सुविधांनाही मदतीची तरतूद आहे. पनीर, चक्का, खव्यासाठी असे अनुदान देताना पाण्याची व्यवस्था दाखवणे सक्तीचे करावे आणि दूधपट्ट्यांतील सामायिक बायोगॅस संयंत्रांना या योजनेतून पैसा द्यावा. उदगीर आणि पुसदजवळच्या वरूडला दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालये आहेत, मुंबईत रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प ग्रंथालयात बांधून ठेवण्याऐवजी अशा संयंत्रांवर उतरवता येतील. प्रत्येक महसुली विभागात स्टेरॉल तपासणारे यंत्र आणि ते चालवणारी माणसे कायमस्वरूपी असावीत. चौदा दिवसांत किती अहवाल दिले, किती राहिले, हे अन्न व औषध प्रशासनाने दर महिन्याला जाहीर करावे. सुट्या विक्रीच्या दुकानांत आणि हॉटेलांच्या मेन्यूवर ‘ॲनालॉग’ हा शब्द ठळक मराठीत लिहिणे बंधनकारक करावे. यातल्या कशासाठीही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. विधानसभेत ज्यांनी या प्रश्नावर आवाज उठवला, त्या सर्वपक्षीय सदस्यांनी येत्या अधिवेशनात या मागण्यांसाठी किती पैसा ठेवला, असे सरकारला विचारावे आणि आकडा मिळेपर्यंत विचारत राहावे.