सर, पट्टा राहू द्या, डिप्लोमा दाखवा!

आठवीत असताना धाराशिवातच कराटेचा क्लास लावला होता. तीन महिन्यांत पिवळा पट्टा! परीक्षेची फी भरली, फोटो काढला, झालं. पडायचं कसं, हे मात्र कुणी शिकवलंच नाही. एकदा फरशीवर डोकं आपटलं, तर सर म्हणाले, ‘काही होत नाही, ऊठ.’

आपल्याला वाटतं, मार्शल आर्ट म्हणजे जपान, तिथलं शिकवणं एक नंबरच असणार. पण ज्युदोचं बघा. १९८३ ते २०११ या काळात जपानच्या शाळांमध्ये ज्युदोमुळे शंभराहून जास्त मुलं दगावली, बरीचशी डोक्याला मार लागून. फ्रान्समध्ये नोंदणी केलेले ज्युदोपटू जपानपेक्षा जास्त, तरी तिथे असं चित्र नाही. फरक शिकवणाऱ्यात आहे, असं मला वाटतं. फ्रान्सने १९५५ मध्येच ज्युदो शिक्षकांसाठी कायदा केला. पैसे घेऊन शिकवायचं तर सरकारी डिप्लोमा हवाच, नुसता ब्लॅक बेल्ट चालत नाही.

आपल्याकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत कोचिंगचा डिप्लोमा मिळतो, पण गल्लीतल्या क्लासला तो विचारतो कोण? भिंतीवर सर्टिफिकेटची फ्रेम दिसली की पालक खूश. (ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पातळीला जपानीत ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे सुरुवातीची पायरी. आपल्याकडे तेवढ्यावर ‘मास्टर’!)

उन्हाळी शिबिरांचे, मुलींच्या स्वसंरक्षणाचे फ्लेक्स लागले की धाकट्या भावंडांचं नाव घालण्याआधी एवढं विचारा: शिकवायला कुठे शिकलात? मॅट आहे का? डोक्याला लागलं तर काय करता? यावर सर पट्टाच दाखवायला लागले, तर मी तरी बहिणीला तिथे पाठवणार नाही.