ऑइल बदलताना इंजिन डिझेलने धुवायचं का? माझं मत : नको



मृगाच्या आधी ट्रॅक्टरचं ऑइल बदलून घ्यायची गडबड सुरू झाली आहे. आपल्या कंपनीच्या सर्व्हिसिंग शिबिरासाठी ज्यांनी नावं दिली, त्यातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : "ऑइल काढल्यावर आत जे जुनं राहतं, ते डिझेल टाकून धुऊन काढणार ना?" काही जण त्याचे जादा पैसे द्यायलाही तयार आहेत. हे काम शिबिराच्या दरपत्रकात घ्यायचं की नाही, ते अजून ठरायचंय. माझं मत घेऊ नये असं आहे. ते का, हे आज नेहमीच्या पीक सल्ल्याच्या जागी लिहितोय. बियाण्याची उगवण घरी कशी तपासायची, तो मेसेज उद्या येईल.

आधीच सांगतो, मी मिस्त्री नाही. कृषी पदविका केलेला माणूस आहे, माझं काम पिकाचं. पण या एका गोष्टीत माझे हात पोळलेत, म्हणून बोलतोय.

आमच्या घरचा ट्रॅक्टर सेकंडहँड घेतलेला. आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं नसावं, कारण आत गाळ होता. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ऑइल बदलताना मीच मिस्त्रीला म्हणालो, "एकदा आतून धुऊनच टाका." मोबाईलवर व्हिडिओ बघितला होता, दुसरं काय. त्यांनी चार-पाच लिटर डिझेल भरलं, दहा मिनिटं इंजिन चालवलं आणि खाली काढलं, तर काळंकुट्ट. आण्णा, मी आणि मिस्त्री, तिघंही खूश. केवढी घाण निघाली!

जूनमध्ये पाऊस झाला, वापसा आला, पेरणी यंत्र जोडलं. तिसऱ्या एकरात ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला. आण्णांना वाटलं वायरिंगचं काहीतरी असेल, आणि त्यांनी अजून थोडा वेळ चालवला. मग खालून ठोका ऐकू यायला लागला. चेंबर उघडलं तर ऑइल पंपाच्या जाळीवर काळ्या गाळाचे पापुद्रे चिकटलेले. डिझेलने जो गाळ सुटा केला, तो सगळा बाहेर आलाच नव्हता. अर्धा सुटून जाळीवर जाऊन बसला. वर ऑइल पोचेना. बेअरिंग गेले, क्रँक ग्राइंडिंगला शहरात पाठवावा लागला. ट्रॅक्टर परत यायला अकरा दिवस लागले, तोवर वापसा निघून गेला आणि भाड्याने ट्रॅक्टर कुणाचाच मोकळा नव्हता. त्या वर्षी आमचं निम्मं सोयाबीन जुलैत पेरलं.

मिस्त्रींना दोष देत नाही, सांगितलं मी होतं. आण्णा त्यावर कधी काही बोलले नाहीत. पण ऑइल बदलायची वेळ आली की माझ्याकडे एकदा बघतात.

आता कोणी म्हणेल, एका इंजिनावरून सगळ्यांना कसं सांगता? बरोबर आहे. म्हणून हिशोब मांडतो, तो तुम्हीही करून बघा.

समजा तुमच्या इंजिनात 7 लिटर ऑइल बसतं आणि पुस्तकात 250 तासांनी बदला असं लिहिलंय (तुमच्या ट्रॅक्टरचं जे असेल ते धरा). ऑइल गरम असताना काढलं, फिल्टरही बदलला, तरी नळ्यांत, कोपऱ्यात, भिंतींना थोडं राहतंच. जास्तीत जास्त धरून अर्धा लिटर म्हणू. म्हणजे सात लिटरात अर्धा लिटर जुनं, शेकडा 7. हे जुनं 250 तास चाललेलं आहे. 250 चे शेकडा 7 काढले तर साधारण 18 तास येतात.

याचा अर्थ असा की, न धुता भरलेलं नवं ऑइल हे 18 तास चाललेल्या ऑइलइतकं मळकं असतं. बस, एवढंच. रोटाव्हेटरची दोन दिवसांची हजेरी. एवढ्याचीच भीती वाटत असेल तर पुढच्या वेळी 250 ऐवजी 230 तासांनी ऑइल बदला, झाला हिशोब बरोबर. ऑइल आणि फिल्टर मिळून 3,000 रुपये खर्च धरला, तर वीसेक तास लवकर बदलण्याचे जादा अडीचशेच्या आसपास पडतात. पाच लिटर डिझेलचेच साडेचारशेच्या घरात जातात, मजुरी वेगळी.

आणि धुतल्यावर काय होतं? जिथे अर्धा लिटर जुनं ऑइल अडकून राहत होतं, तिथेच आता डिझेल, नाहीतर डिझेल आणि जुन्या ऑइलचं मिश्रण अडकून राहतं. ते कोण काढणार? डिझेल काही पेट्रोलसारखं लगेच उडून जात नाही. ते नव्या ऑइलमध्ये मिसळतं आणि त्याला पातळ करतं. ऑइलमध्ये डिझेल शेकडा 4-5 च्या वर गेलं की ऑइल तपासणाऱ्या लॅब ते ऑइल बदला म्हणून सांगतात. म्हणजे आपण पैसे देऊन नव्या ऑइलची सुरुवातच बिघडलेल्या ऑइलने करतो. शिवाय ती दहा मिनिटं इंजिन डिझेलवर फिरतं तेव्हा क्रँक आणि बेअरिंगच्या मध्ये ऑइलचा जो थर लागतो, तो नसतो. डिझेलला तेवढा दाटपणा नाही. टर्बो असलेल्या ट्रॅक्टरला तर हे अजिबात करू नका. रॉकेलचंही तेच.

मग लोकांना धुवावंसं का वाटतं? माझ्या मते सगळा घोळ रंगाचा आहे. नवं सोनेरी ऑइल भरलं, एक दिवस वखरणी केली, पट्टी काढून बघितली तर काळं. माणूस म्हणतो, "बघा, आत जुनं राहिलं होतं." तसं नसतं. डिझेल जळताना काजळी होते, ती थोडी ऑइलमध्ये उतरते. चांगल्या ऑइलमध्ये ती काजळी धरून ठेवणारी, एका जागी साचू न देणारी रसायनं घातलेली असतात. ऑइल काळं झालं म्हणजे काजळी ऑइलमध्ये तरंगतेय, भिंतीला चिकटलेली नाही. डिझेल इंजिनात नवं ऑइल काही तासांत काळं होणं हे ऑइल काम करत असल्याचं लक्षण आहे. कपडे धुताना साबणाचं पाणी काळं झालं तर आपण साबण खराब म्हणतो का?

आमच्या डिझेलमधून काळंकुट्ट निघालं त्याचंही हेच. अर्धा लिटर काळं ऑइल पाच लिटर डिझेलमध्ये कालवलं तर पाचही लिटर काळं दिसणारच. त्यावरून इंजिन किती स्वच्छ झालं ते कळत नाही.

बरेच मिस्त्री हे वर्षानुवर्षं करत आलेत आणि त्यांची सगळी इंजिनं काही बसलेली नाहीत, हेही खरं. इंजिन स्वच्छ असेल तर एका वेळच्या धुण्याने ते लगेच मरत नाही. पण स्वच्छ इंजिनाला धुण्याची गरजच नाही, आणि ज्यात गाळ आहे त्याला धुणं धोक्याचं. मग फायदा नेमका कोणाला?

गाळ असलेल्या, सेकंडहँड घेतलेल्या ट्रॅक्टरचं काय करायचं, असं काही जणांनी विचारलंय. चांगलं डिझेल इंजिन ऑइल भरा, 50 तासांनी ऑइल-फिल्टर बदला, परत एकदा 50-60 तासांनी बदला. ऑइलमधली रसायनं गाळ हळूहळू विरघळवतात आणि तो फिल्टरमध्ये अडकतो, पापुद्रे सुटत नाहीत. गाळ फारच असेल, ऑइल भरायच्या झाकणाखाली ग्रीससारखा थर दिसत असेल, तर मिस्त्रींकडून चेंबर खोलून जाळी हाताने साफ करून घ्या. खर्च आहे, पण तो पेरणीच्या आधी ठरवून करायचा खर्च आहे. आमच्यासारखा पेरणीच्या मध्ये नाही.

धुवायलाच लागतं अशी वेळही येते, ती लपवत नाही. पट्टीवर ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. आधी पाणी कुठून जातंय ते शोधून दुरुस्त करायचं, हेड गॅस्केट असो की ऑइल कूलर. ते न करता ऑइल बदलणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. दुरुस्तीनंतर मात्र आतलं पाणी काढायलाच हवं. तिथेही डिझेल नाही. त्याच ग्रेडचं स्वस्तातलं नवं इंजिन ऑइल भरा, इंजिन रेस न करता पाच-दहा मिनिटं चालवा, गरम असतानाच काढा, फिल्टर बदला, मग चांगलं ऑइल भरा. पहिल्या वेळी दुधाळ निघालं तर परत एकदा.

2025 च्या सप्टेंबरमधल्या पुरात मराठवाड्यात कितीतरी ट्रॅक्टर पाण्याखाली गेले. ज्यांनी पाणी ओसरल्यावर थेट स्टार्टर मारला, त्यांनी इंजिन धोक्यात घातलं. पुन्हा तशी वेळ येऊ नये, पण आली तर आधी बॅटरी सोडा, ड्रेन नट उघडा. ऑइलपेक्षा पाणी जड असल्याने आधी पाणीच येईल. स्टार्टरला हात मिस्त्री बघेपर्यंत लावू नका. तिथे दोन-तीन वेळा ऑइल भरून काढावं लागतं आणि ते योग्यच आहे.

बाकी रोजच्या ऑइल बदलीत जुनं ऑइल जास्तीत जास्त बाहेर काढायचं असेल तर उपाय फुकट आहे. ट्रॅक्टर शेतातून आल्या आल्या, इंजिन गरम असताना, सपाट जागेवर उभा करून ऑइल सोडा. थंड ऑइल दाट असतं, ते भिंतींनाच राहतं. वरचं झाकणही उघडा. धार थांबली की नट लावायची घाई नको, थेंब थेंब पडू द्या अर्धा तास. चहा घ्या तोवर. गरम ऑइलने हात भाजतो, तेवढं सांभाळा. फिल्टर दरवेळी बदला. "या वेळी नुसतं ऑइल, फिल्टर पुढच्या वेळी" हे मी फार ऐकतो. अहो, जुनं ऑइल सगळ्यात जास्त अडकलेलं असतं ते फिल्टरमध्ये, घाणही तिथेच. फिल्टरचे पैसे वाचवून डिझेलने धुणं हे मला कधीच समजलं नाही.

नवीन ऑइल भरल्यावर लाल दिवा विझेपर्यंत इंजिन रेस करू नका. मग बंद करून पाच मिनिटांनी पट्टी बघा. तारीख आणि आवर मीटरचा आकडा मडगार्डच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, डोक्यात राहत नाही. एअर क्लीनरमध्ये ऑइलची वाटी असेल तर तीही साफ करा. मळणीच्या धुळीने खराब झालेली इंजिनं मी जास्त बघितलीत.

हायड्रॉलिकचं ऑइल बदलणाऱ्यांसाठी एकच गोष्ट : ऑइल सोडायच्या आधी लिफ्ट पूर्ण खाली करा, नाहीतर सिलिंडरमधलं जुनं ऑइल तसंच राहतं.

काढलेलं ऑइल बांधावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. शिबिरात ड्रम ठेवणार आहोत. त्यात फक्त ऑइल टाका, डिझेल किंवा पाणी मिसळलेलं वेगळ्या कॅनमध्ये द्या.

शिबिराला येण्याआधी प्रत्येकाने एकदा पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसत असेल, किंवा पातळी न भरता वर चढलेली असेल (म्हणजे डिझेल नाहीतर पाणी आत उतरतंय), तर तो फोटो मला याच नंबरवर पाठवा. तुमचं काम इतरांच्या रांगेत होणार नाही, मिस्त्रींचा वेगळा दिवस ठरवावा लागेल. आणि माझं मत पटलं नसेल तर तेही व्हॉइस मेसेजने सांगा. दरपत्रक ठरायच्या आधी संचालकांना दोन्ही बाजू ऐकवेन.

आपला,
कंपनीचा कृषी सल्लागार