कोयनेच्या पाण्यावर एक दिवस

चिपळूण, खेड, गोवळकोट या बाजूच्या आपल्या लोकांना वाशिष्ठी नदी नवी नाही. पण भर मे महिन्यात, आजूबाजूचे पऱ्हे कोरडे पडलेले असताना वाशिष्ठीला एवढे पाणी कुठून येते, असे मुलांनी विचारले तर किती घरांत नीट उत्तर मिळेल? ते पाणी सह्याद्रीच्या पलीकडचे आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. हेळवाकच्या अलीकडे तिला धरणाने अडवले आहे. तिथले पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला आणतात, पोफळीच्या बाजूला त्यावर वीज तयार करतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. चारही टप्पे मिळून हा प्रकल्प १९६० मेगावॅटचा आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा आणि त्या डोंगराचा संबंध आहे तो असा.

या हिवाळ्यात आम्ही सगळे ते पाणी बघायला गेलो. कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला धरण लांबून पाहता येते. पण जलाशयाची खरी शांतता बघायची तर वरच्या टोकाला, बामणोलीला जावे. साताऱ्याहून कासच्या पठारावरून रस्ता आहे. कासची फुले संपली की गर्दीही संपते. आम्हाला तेच हवे होते. दुसरी वाट महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरते. त्या भागाला कोणी तरी ‘मिनी काश्मीर’ नाव देऊन ठेवले आहे. आम्हाला ते पटले नाही. काश्मीर काश्मीरच्या जागी. इथे कारवीचे रान आहे, तांबडी माती आहे, भाताची खाचरे आहेत. उसने नाव कशाला?

जलाशयाचे नाव शिवसागर. लांबी पन्नास किलोमीटरांहून जास्त, साठवण सुमारे १०५ टीएमसी. बामणोलीहून बोटी सुटतात. सोळशी, कोयना आणि कांदाटी यांच्या संगमापर्यंत एक फेरी असते, दुसरी मेट इंदवलीला, म्हणजे वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला जाते. त्या बाजूला दीड तास लागतो. अम्मींचे गुडघे पाहता किल्ला चढायचा प्रश्नच नव्हता, पण पायथ्याच्या जंगलापर्यंत जायचे ठरले. तिथून कोयना अभयारण्य सुरू होते, म्हणून वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. ओळखपत्र जवळ ठेवा. पावसाळ्यात ही वाट बंद असते. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या मोजून आत सोडतात व परतताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. आम्ही तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी स्टीलच्या डब्यांत, कापडात बांधून नेली होती, त्यामुळे मोजण्यासारखे फारसे काही निघालेच नाही.

अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कोयनेचे जंगल घेतले. गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या इथे आहेत. आम्हाला त्यांतले काहीच दिसले नाही, आणि दिसेल अशा आशेने मुलांना नेऊही नका. दिसला तो शेकरू, उंच फांदीवर, तांबूस शेपटी खाली सोडून बसलेला. धाकटा पाच मिनिटे तोंड उघडे ठेवून बघत राहिला. घरी त्याला पाच मिनिटे गप्प बसवून दाखवावे कोणी! एवढ्यात शेजारच्या टोळक्याने स्पीकर लावला. वनरक्षकाने येऊन बंद करायला लावला, पण तोपर्यंत शेकरू निघून गेला होता.

जोहरची नमाज काठावरच झाली. वुजूला पाण्यात उतरू नका, काठ चिखलाचा आणि एकदम खोल आहे; डब्याने पाणी वर घ्यावे.

परतताना बोटवाल्या दादांनी मधेच इंजिन बंद केले. म्हणाले, “इथं खाली आमच्या आज्याचं घर हाय.” बोट नुसती तरंगत होती. अम्मींनी विचारले, “अन् घर मोडताना सामान नेता आलं का?” ते म्हणाले, “काही नेलं, काही राहिलं. बाप सांगायचा, पाणी चढत आलं तरी लोकांना वाटत होतं इथवर येणार नाही.” उन्हाळ्यात पाणी उतरले की काही ठिकाणी जुन्या घरांची जोती उघडी पडतात आणि लोक आपापली जागा ओळखतात, असेही त्यांनी सांगितले.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे खोरे पाण्याखाली गेले. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ मध्ये. म्हणजे कोयनेची माणसे उठली तेव्हा त्यांच्या हातात कायदा नव्हता. कोणी ठाण्याकडे गेले, कोणी रायगड, रत्नागिरी, सोलापूरकडे. काही डोंगरात वर सरकले, आणि त्यांतल्या काही गावांना पुढे अभयारण्यासाठी पुन्हा उठावे लागले. त्यातच ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. जमिनीच्या मागण्यांसाठी यांच्या पुढच्या पिढ्या आजही मोर्चे काढतात, धरणे धरतात. जंगल राखले पाहिजे, यात आम्हाला शंका नाही. पण एकाच घराला दोनदा उठवताना वीज वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना कोणी काही विचारले नाही, आणि आपणही विचारले नाही, हे मनात राहते.

मोठीने बोटवाल्या दादांना विचारले, “तुमच्याकडे लाईट असते का?” ते हसले. “असते की. पावसात जाते चार-चार दिवस.”

त्यांनी इंजिन सुरू केले. बामणोलीच्या धक्क्यावर उतरताना त्यांनी अम्मींना हात दिला आणि पुढच्या खेपेला एप्रिलच्या शेवटी या म्हणाले, जोतं दाखवतो.